काळी पडलेली जोडवी
नातवाने गच्चीवर फटाका उडवला आणि गंधकाच्या त्या वासाने मला थेट जपानच्या जंगलात नेऊन बसवलं. लेकीकडे गेलो होतो तेव्हा. उंच झाडांच्या सावलीत लाकडी बाकं, पुढे झऱ्याचं वाफाळतं पाणी आणि त्यात पाय सोडून मुकाट बसलेली माणसं. लेक म्हणाली, "आई, आधी जोडवी काढ, नाही तर…" तिचं 'नाही तर' ऐकून घ्यायला मला सवड कुठे! "सवाशिणीले जोडवी काढायले सांगतं?" म्हणत मी ठसक्यात पाय बुडवले. लेक चहा आणायला गेली. थोड्या वेळाने पाय वर घेतला, तर चांदीची जोडवी काळी ठिक्कर! सवाशिणीची जोडवी काळी पडली, म्हणजे नवऱ्यावरच संकट! शेजारी हे डोळे मिटून बसलेले. "अवो, छातीत दुखून तर नाही राहिलं?" "नाही वं." "मग घाम काहून येऊन राहिला?" "पाय गरम पाण्यात आहेत म्हणून! सुखानं बसू देतं का नाही मले?" तरी मी शहाणी त्यांची नाडी धरून बसले, आणि समोरची जपानी म्हातारी आमचं प्रेम बघून गालात हसत होती. लेकीने येऊन सांगितलं, पाण्यात गंधक आहे, चांदी काळी पडणारच. घरी जाऊन टूथपेस्टने घासली, निघालं सगळं. हे त्यानंतर कितीतरी वर्षं ठणठणीत होते. आणि गेले, त्या सकाळी मेली जोडवी आरशासारखी लखलखत होती.