आत निजलंय

आमच्या प्रयोगशाळेत काका कुजबुजत बोलायचे. शीतयंत्रापाशी कुणाचा आवाज चढला, की ओठांवर बोट ठेवून म्हणायचे, "हळू गं बाय, आत निजलंय."

आत असायचा मुठीएवढा स्फटिक, निरपेक्ष शून्याच्या अगदी काठावर थंड केलेला. आकाशगंगांना धरून ठेवणारं, पण कुणालाच न दिसलेलं कृष्णद्रव्य आपल्या अंगांतून सतत वाहत असावं, असं आम्ही मानतो. त्याचा एखादा कण धडकला, तर स्फटिक किंचित ऊबदार होईल. ती ऊब टिपायची, एवढंच आमचं काम.

काका तिथले तंत्रज्ञ. सांडोर गावातल्या बागायतदार घरातले. थंडाव्यासाठी हीलियम भरणं, यंत्राचं तापमान हळूहळू उतरवणं त्यांच्याकडे. "रोप काय, थंडी काय, ओढून वाढत नाही," म्हणायचे. यंत्र थंड होत असताना तासन् तास डोळे मिटून, हीलियमच्या नळीवर तळवा ठेवून बसायचे.

एका हिवाळ्यात स्फटिकाची ऊब दाखवणाऱ्या पडद्यावर टोकदार खुणा उमटू लागल्या. अगदी हव्या तशा! चार दिवस मी तरंगत होते. नायगावला घरी फोन करून आईला पेढेसुद्धा आणायला सांगितले. शोधनिबंध पाठवायच्या दिवशी काका जवळ आले.

"बाय, शेजारचा पंप सुरू झाला की नळीला कापरं भरतं. तुझ्या खुणा तेव्हाच येतात का, बघ."

"तुम्हाला हे व्हावंसंच वाटत नाही!" मी चिडले.

ते शेजारच्या खोलीत गेले. पंप बंद करून आले. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. दुपार सरली. एकही खूण आली नाही.

रविवारी त्यांनी मला सांडोरला जेवायला बोलावलं. केळीच्या बागेत हिरवा काळोख होता, पाटाचं पाणी झुळझुळत होतं. मी माफी मागितली.

"मलाही तो कण यावासा वाटतो गं," ते म्हणाले. "किती वर्षं दार उघडं ठेवून बसलोय. पण पंपाला पाहुणा कसा म्हणू?"

निवृत्तीनंतर ते आजारी पडले. मी शेवटचं भेटले तेव्हा ते खिडकीशी पडून होते.

"आला?"

"नाही, काका."

"आला की मला कळव. मी नसलो तर काकीला सांग. ती सांगेल मला."

काका गेले. मी अजूनही अधूनमधून सांडोरला जाते. काकी दार उघडताच विचारतात, "आला का गं तो?"

"नाही, काकी."

त्या मान हलवतात. मग आत जाऊन, काकांच्या फोटोवरची धूळ पदराने पुसत हलकेच म्हणतात, "नाही आला अजून."