शर्यतीआधीच्या दोन थपडा

धाकट्याला शर्यतीआधी पडलेली पहिली थप्पड धावण्यासाठी नव्हतीच; ती पान्ह्यासाठी होती. शाळेच्या मैदानावर तो बाकीच्या मुलांबरोबर रेघेवर वाकून उभा होता, आणि थोरला भाऊ भंगाराच्या दुकानातून तेलकट हातांनी तसाच तणतणत आला. "पान्हा कुठे टाकलास रे?" म्हणत त्याने एक डावीकडे दिली, उत्तराची वाट न बघता एक उजवीकडे दिली, आणि नेमकी तेव्हाच मास्तरांनी शिट्टी फुंकली. धाकटा जो सुटला तो शेवटची दोरी ओलांडून, मैदान ओलांडून, थेट रस्त्यावर जाऊन थांबला. दुसऱ्या नंबरचा मुलगा तेव्हा कुठे अर्ध्यात पोचला होता. पोरगं धावत नव्हतं, जीव घेऊन पळत होतं. पण हा फरक मास्तरांच्या लक्षात आला नाही, आणि थोरल्याच्या तर मुळीच नाही. पान्हा पुढे थोरल्याच्याच मागच्या खिशात सापडला. तोवर त्याला पान्ह्यापेक्षा मोठा शोध लागला होता.

अशा रीतीने एका प्रशिक्षणपद्धतीचा जन्म झाला.

दोघा भावांचा धंदा मोडक्या गाड्या फोडण्याचा. वडील जॅक सरकून गाडीखाली गेले तेव्हा थोरल्याला मिशी नुकती फुटत होती. त्या दिवसापासून दुकान, आई आणि धाकटा असं सगळं त्याच्या हाताखाली आलं, आणि ते त्याने अक्षरशः हाताखालीच ठेवलं. दुकानात सकाळपासून घण चालायचा. आधी काचा फोडायच्या, मग छिन्नी लावून दारं उपटायची, सीट फाडायच्या, रेडिएटर ठोकून त्यातलं तांबं वेगळं करायचं. अपघातातल्या गाड्या यायच्या, त्यांच्या सीटवर कधीकधी वाळलेलं रक्त असायचं. ते कुणाचं हे विचारायची पद्धत नव्हती. या कामाने थोरल्याचा तळवा असा झाला होता की तो पत्र्याची धार बोटाने तपासायचा आणि बोटाला काही व्हायचं नाही. तोच तळवा शर्यतीच्या आधी धाकट्याच्या तोंडावर यायचा.

पद्धत ठरलेली. वॉर्म-अप झाला की दोघे संडासाच्या मागे जायचे. थोरला आधी घड्याळ काढून खिशात ठेवायचा, कारण घड्याळ चांगलं होतं. मग एक डावी, एक उजवी, आणि वर एक वाक्य. वाक्य दर वेळी नवं असायचं. "बापाला तू बघितलंस, जॅक धरायला हात नाही पुढे आला तुझा," हे त्याने एकदाच वापरलं, कारण त्या दिवशी धाकट्याने अशी वेळ नोंदवली की पंचांनी घड्याळं पुन्हा तपासली. असली वाक्यं तो राखून ठेवायचा. या सगळ्याला तो 'जागं करणं' म्हणायचा. धाकट्याच्या डाव्या कानाच्या पडद्याला भोक पडलंय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, "पण शर्यतीचं पिस्तूल ऐकू येतं ना? मग झालं तर."

धाकटा रागावून धावायचा आणि जिंकायचा. जिंकल्यावर राग कुठे जातो हे त्याला कधी कळलं नाही. संध्याकाळी तो परत घण घेऊन उभा असायचा.

त्या वर्षी मात्र गोष्ट निराळी होती. एका सरकारी खात्याच्या संघात धावपटूंच्या दोन जागा निघाल्या होत्या: कायमची नोकरी आणि राहायला एक खोली. अंतिम शर्यतीतले पहिले दोघे त्या घेणार, आणि वयाच्या अटीमुळे धाकट्याची ही शेवटची संधी होती. धाकटा दुकानाच्या मागच्या खोपटात बसच्या उपटलेल्या सीटवर झोपायचा. खोपटाला दार होतं, पण कडी बाहेरून होती. खात्याची खोली तो जाऊन बघून आला होता. तिथल्या दाराला आतून बोल्ट होता. तो त्याने तीन-चारदा लावून पाहिला, तेव्हा चौकीदाराने विचारलं, "बिघडलाय का?"

"नाही," धाकटा म्हणाला, "चांगला चालतो."

शर्यतीआधी निवडक धावपटूंचं शिबिर झालं. तिथे मनाची तयारी करून घ्यायला एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना आडवं पाडलं, डोळे मिटायला लावले आणि आपली शर्यत सिनेमासारखी बघायला सांगितली. मग एकेकाला विचारलं. कुणाला टेप दिसली, कुणाला टाळ्या वाजवणारी आई दिसली.

"तुम्हाला काय दिसलं?"

"हात," धाकटा म्हणाला.

"तुमचा?"

"दादाचा."

मॅडमनी त्याला नंतर थांबवून घेतलं आणि सगळं वदवून घेतलं. संडासाच्या मागची हकिगत ऐकताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला. "तुमचा राग तुमच्याकडे नाहीये," त्या म्हणाल्या. "तो दर वेळी कुणीतरी आणून देतो. एक दिवस आणणारा आला नाही तर?"

"दादा येतोच," धाकटा म्हणाला. त्याला हा प्रश्न पोस्टमनबद्दल असल्यासारखा वाटला.

तरी त्यांनी शिकवलेला श्वास तो करू लागला: अंगठा पहिल्या बोटावर दाबायचा, हळू श्वास सोडायचा, अंग सैल करायचं. दुकानात घण उचलण्याआधी तो असं करून बघायचा. वहिनी दारातून म्हणायची, "भाऊजी, बोटांवर काय मोजताय? लग्नाचं वय तर कधीच निघून गेलं." थोरला हसायचा आणि म्हणायचा, "मोजू दे. शर्यतीच्या दिवशी आहेच की मी."

शर्यतीच्या दिवशी तो होता. सकाळी उपांत्य फेरीआधी दोघे संडासाच्या मागे गेले, घड्याळ खिशात गेलं, डावी बसली, उजवी बसली. तेवढ्यात एक पंच हात पुसत बाहेर आला.

"ए! काय चाललंय?"

"तयारी," थोरला म्हणाला.

"सोड आधी त्याला!" पंचाने त्याचं मनगट धरलं. थोरल्याचा हात एकदा चालू झाला की तो माणसं बघत नसे. पंच कुंपणावर आदळला, त्याची टोपी गटारात गेली आणि वरचा दात ओठात घुसला. पहारेकरी धावले. चौघांनी मिळून थोरल्याला फरफटत गेटबाहेर काढलं, जाताना त्याने त्यातल्या एकाच्या गुडघ्यावर लाथ घातली आणि ओरडला, "झालंय तुझं! दोन्ही बसल्यात! पळ!"

धाकटा पळाला आणि उपांत्य फेरी आरामात जिंकला. अंतिम फेरी दुपार कलल्यावर होती. गेट बंद होतं.

शर्यतीआधी धावपटूंना एका खोलीत बसवून ठेवतात. आठ खुर्च्या, दिव्याची पांढरी नळी, दाराशी पाठमोरा एक अधिकारी. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. एक जण मांडीवर चापट्या मारत होता, एक जण बुटाची नाडी सोडून बांधत होता. धाकट्याने अंगठा बोटावर दाबला, श्वास सोडला. अंग सैल पडलं. इतकं सैल पडलं की पाय आपले आहेत की शेजारच्याचे हे कळेना. मॅडमनी ज्याला शांतता म्हटलं होतं ती हीच असणार. ती अंगात अशी उतरली की त्याला घरी जाऊन झोपावंसं वाटलं. तो घाबरला, पण घाबरणंसुद्धा नीट जमेना.

शेजारी लंबू होता. हा उंच, मवाळ माणूस वर्षानुवर्षं धाकट्याच्या मागे दुसरा-तिसरा यायचा.

"एक मार," धाकटा कुजबुजला.

"काय?"

"कानाखाली. जोरात."

"डोकं फिरलंय का तुझं?" लंबूने दाराकडे पाहिलं. "मी मारायचं, तू बोंब ठोकायची आणि मी शर्यतीतून बाहेर. असा डाव आहे होय?"

"आईशप्पथ नाही. मार ना यार."

"तुझा भाऊ कुठाय?"

"बाहेर काढला. पंचाला मारलं."

"छान. म्हणजे घरातली कामं आता बाहेर द्यायला काढलीत." लंबूने मान हलवली, मग नाइलाजाने त्याच्या गालावर एक चापट दिली.

"हे काय, डास मारतोस? नीट मार. बायल्या, आयुष्यभर माझी पाठच बघत मर."

लंबू मवाळ होता, पण पाठ त्याने खरंच फार वर्षं पाहिली होती. त्याने दुसरी दिली ती कानशिलावर, मनगटाजवळच्या तळव्याने, आणि धाकट्याच्या डोळ्यांपुढे नळीच्या दोन नळ्या झाल्या.

परक्या हाताने मारलं तर आपण काय करतो, हे धाकट्याला माहीत नव्हतं. दादाचा मार खाताना त्याचे हात खाली असायचे. ते तसेच राहतात असा त्याचा समज होता. उजवा हात मुठीसकट गेला आणि लंबूच्या नाकावर बसला. घणाखाली काचेचा आवाज होतो तसा आवाज झाला. रक्त आधी लंबूच्या छातीवरच्या नंबरावर आलं, मग फरशीवर. बाकीचे सहा जण फरशीकडेच बघत होते. त्यांनी फक्त पाय बाजूला घेतले.

अधिकारी वळला. "काय झालं?"

लंबूने धाकट्याकडे पाहिलं, मग अधिकाऱ्याकडे. नोकरी त्यालाही हवी होती, आणि खरं सांगितलं असतं तर दोघेही बाहेर गेले असते.

"घोळणा फुटला," तो नाक दाबून म्हणाला. "उन्हाने."

त्याला कापूस दिला गेला.

मैदानावर जाताना धाकट्याच्या लक्षात आलं की करंगळीशेजारचं बोट दुमडत नाहीये. हाताची पाठ सुजून वर आली होती. ब्लॉकमध्ये पाय रोवून त्याने हात रेघेमागे टेकवले, बोटांची कमान केली. तोवर ठीक होतं. तेव्हा वजन गुडघ्यावर असतं. 'सेट'ची आज्ञा आली, कंबर वर गेली आणि सगळं अंग बोटांवर आलं. हाडाची दोन टोकं एकमेकांवर घासली. राग आला, हवा होता तेवढा आला, कधी नव्हे तो स्वतःचा आला. पण तो हातात आला होता आणि गरज पायांना होती. हात वाकला. धाकटा पिस्तुलाच्या आधी, तोंडावर, रेघेपलीकडे पडला.

शर्यत थांबवायला पिस्तूल दोनदा वाजलं. लाल कार्ड त्याच्या डोळ्यांसमोर धरलं गेलं. एकाही चुकीला माफी नसते, हा नियम त्याला तोंडपाठ होता.

शर्यत त्याच्याशिवाय पुन्हा लावली. लंबू नाकात कापूस, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी अशा अवस्थेत आयुष्यातली सगळ्यात वेगवान शंभर मीटर धावला आणि पहिला आला. टेपच्या पलीकडून परतताना तो धाकट्यासमोर थांबला, धापा टाकत. "काय मारलंस रे," तो आदराने म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. हेच जास्त लागलं.

गेटबाहेर थोरला पायरीवर बसला होता. शर्टाची बाही फाटलेली, कोपर सोललेलं. भोंग्यावरून त्याने सगळं ऐकलं होतं. धाकटा समोर जाऊन उभा राहिला आणि सवयीने मान जरा डावीकडे केली.

थोरला उठला नाही. "हात दाखव."

धाकट्याने सुजलेला हात पुढे केला. थोरल्याने तो दोन बोटांनी दाबून बघितला. "मोडलंय. चल, दवाखान्यात जाऊ."

"मारणार नाहीस?"

"आता कशाला?" थोरल्याला खरंच कळलं नाही. "आता शर्यत कुठाय?"

म्हणजे थोरल्याला राग कधी आलाच नव्हता. एवढी वर्षं, एकदाही. तो काम करत होता, पत्रा ठोकतात तसं.

धाकट्याने डाव्या हाताने मारलं. जबड्यावर. थोरला पायरीवरून मागे कोलमडला, त्याचं डोकं गेटच्या लोखंडावर आपटलं, खिशातलं घड्याळ बाहेर पडून रस्त्यावर गेलं. दुसरी धाकट्याने तो उठत असताना दिली. तिसरीसाठी हात वर नेला आणि तिथेच थांबला, कारण भाऊ हात वर करत नव्हता. तो खाली बसून ओठ चाचपत होता, बोटांना लागलेलं रक्त बघत होता, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर धंद्यातल्या माणसाचं समाधान आलं.

"डाव्यातसुद्धा आहे की," तो म्हणाला. "फक्त खांदा आधी येतोय. पुन्हा मार बघू."