पाहुणे आले की

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दरवर्षी घरोघर फिरून दिव्यांग मुलांची यादी करायची, हे काम आमच्याच गळ्यात. अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर मी कितीतरी आयांना झापलं आहे, "लेकरू काय चोरीचा माल आहे का, आत लपवून ठेवायला?" लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते माझ्यासारखीलाच.

मला दोन मुली. मोठी बी.एड. झालेली, धाकटी सोळा वर्षांची. धाकटी स्वमग्न आहे. ती पाच वर्षांची असताना सुरतच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं. बोलते, पण सगळ्या घरात अहिराणी आणि ही एकटी पुस्तकातल्यासारखी शुद्ध मराठी, कम्प्युटरवरून उचललेली. नातेवाईक पुण्याची म्हणून चिडवतात, "हाई पोर पुनानी शे का?" माणसं समोर बसली की तिला नको होतं. कम्प्युटरवर मात्र तिला चार मित्रमैत्रिणी आहेत, तिच्यासारखेच, वेगवेगळ्या गावांचे. एका खेळात सगळे मिळून ठोकळ्यांचं शहर बांधतात आणि बाजूच्या चौकटीत लिहून बोलतात. कॅमेरा नाही, आवाज नाही. नियम एकच, न सांगता उठून जायचं नाही. मला ते मित्र वाटायचेच नाहीत. "तोंड न पाहिलेले कसले गं मित्र?" असं मी तिला सरळ म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात मोठीला सारंगखेड्याकडचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घरची बागायत, माणसं शिकलेली. याआधीची दोन स्थळं धाकटीबद्दल कळल्यावर गप्प झाली होती. एका घरातून तर "पुढे पोरांबाळांना..." एवढं अर्धंच वाक्य आलं. मोठीचं वय वाढत होतं आणि माझी झोप उडाली होती. या वेळी मी ठरवलं, आधी पसंती होऊ दे, मग सांगू. बायोडेटा टाइप करायला घरात धाकटीच. तिला म्हटलं, भावंडांची ओळ काढून टाक. तिने काढली. काही विचारलं नाही. पाठवायचं काम मोठीने केलं.

पाहुणे अकराला येणार होते. धाकटीला मी मागच्या खोलीत बसवलं, कम्प्युटर सुरू करून दिला आणि बजावलं, एक वाजेपर्यंत बाहेर यायचं नाही. एक वाजला तरी पाहुण्यांचा पत्ता नाही आणि ही बरोबर दारात. "एक वाजला." मी म्हटलं, तीन. तीनला पुन्हा दारात, आणि नेमकी तेव्हाच फाटकाशी गाडी थांबली. मी तिचा दंड धरून तिला आत ढकललं. कोणी हात लावलेला तिला सहन होत नाही, हे मला का माहीत नव्हतं?

"ते जाईपर्यंत बस," मी म्हटलं.

"ते कधी जातील?"

मी दार ओढून घेतलं.

मुलगा, त्याचे वडील आणि आई, अशी तिघं आली होती. पोहे झाले, चहा झाला, यंदाच्या मिरचीवर बोलून झालं. माझं सगळं लक्ष भिंतीकडे. धाकटी टाइप करते ती बोटं आपटून. खडखड ऐकू आली की जीव वरखाली व्हायचा आणि थांबली की त्याहून जास्त, आता उठली की काय म्हणून. मुलाच्या आईने बशी खाली ठेवली.

"आत कोन शे, मॅडम?"

"शेजारनी पोर शे. कम्प्युटर शिकाले येस."

कसं तोंडातून निघालं कोणास ठाऊक. ह्यांनी मान खाली घातली. त्या बाईंनी पर्समधून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि बराच वेळ वाचत राहिल्या.

"पन यामा तं लिखेल शे, धाकली बहीन एक. वय सोळा. ऑटिझम शे. कम्प्युटर चांगलं येस."

मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे पंख्याकडे पाहत होते.

"ती ओळ मीच तिले परत लिखाले सांगं," मोठी म्हणाली. "मन्ही बहीन शे ती. लपाडीसन माले लगीन करनं नही."

खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा राग आला. चारचौघांत आईला तोंडघशी पाडलं म्हणून. लाज नंतर वाटली. मुलाच्या वडिलांनी नुसता घसा खाकरला. मग बाई म्हणाल्या, "मंग बलावा ना तिले. दोन पोरी शेतस तं दोन्हीले भेटसूत." त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीही कळत नव्हतं.

मी आत गेले. धाकटी पाठमोरी बसून एका हाताने दंड चोळत होती. पडद्यावर शहरबिहर काही नव्हतं, नुसती लिहायची चौकट. ती मी आजवर कधी वाचली नव्हती. तिने लिहिलं होतं, "माझ्याकडे पाहुणे आलेत. मागची खोली." त्याखाली बाकीच्यांचं होतं. "मी गच्चीवर असतो. तिथे रेंज बरी येते." "मला मामीकडे पाठवतात." "मला झोपायला सांगतात. झोप आली नसली तरी." मी हात लांब करून आधीचं वाचायला वर सरकवलं, तर दिवाळीचं, कोणाच्या बारशाचं, कोणाच्या साखरपुड्याचं, सगळं हेच. कोणाच्या घरी पाहुणे आले की ही मुलं इथे जमायची. आणि मी समजत होते, हिला माणसं नकोत म्हणून ही इथे येऊन बसते.

"चल, बाहेर बोलावलंय तुला," मी म्हटलं.

"ते गेले?"

"नाही, बसलेत. त्यांनीच बोलावलंय. आणि मी पण बोलावतेय."

ती माझ्याकडे बघून कधी बोलत नाही, तेव्हाही बघितलं नाही. "सांगून जावं लागतं," म्हणाली आणि लिहिलं, "मी पाहुण्यांमध्ये जातेय. ते अजून आहेत."

उत्तर लगेच येईना. बाहेरून ह्यांनी हाक मारली, "काय व्हयनं?" त्या बाईंचं मन फिरायला एवढा वेळ पुष्कळ होता. फिरलं तर फिरू दे, असं मला पहिल्यांदाच वाटलं. मी तिला घाई केली नाही. मग गच्चीवाल्या मुलाचं उत्तर आलं.

"ते असताना? मी कधीच गेलो नाही. आल्यावर सांग, कसं असतं ते."

"सांगते," तिने लिहिलं आणि उठून माझ्या पुढे चालू लागली.

लग्न तिथेच जमलं, आम्हाला महिनाभर ताटकळत ठेवून. पण तो दिवस आठवला की मला आधी तो मुलगा आठवतो. त्याचं नाव मला माहीत नाही, गावही माहीत नाही. त्याच्या आईला मात्र मी चांगली ओळखते.