सनद संपलेले ओव्हरसियर

भोरातले ते ओव्हरसियर नव्या घराच्या तुळईवर छत्रीची मूठ ठोकत, कान देत आणि मगच "ऱ्हावा खुशाल" म्हणत. एका साली त्यांची घरं पास करायची सनद संपली; नवी यायची होती. आमच्या घरी आले तेव्हा मी विचारलं, "रावसाहेब, तुळई बरी हाय नव्हं?"

"वैनी, सनद येईस्तोवर मला बोलता येत न्हाई."

एवढं म्हणून त्यांनी तुळईखाली निजलेलं माझं लेकरू घोंगडीसकट पडवीत ओढलं. मी दीडशहाणी! पदर खोचून घोंगडी परत आत आणली. त्यांनी मुकाट्याने पुन्हा ओढली.

"काय खेळ मांडलाय?" मी खेकसले.

ते घोंगडीचं टोक सोडीनात. तेव्हा कुठं या कारभारणीने मान वर केली. तुळईला बोटभर रुंद चीर गेली होती.