विहिरीचं समीकरण

कपाटात जुना आलेख सापडला आणि विश्रामबागेतल्या कॉलेजातली तोंडी परीक्षा आठवली. मोटार बंद केल्यावर आमच्या वडूजच्या विहिरीत पाणी कसं चढतं, याचं सिम्युलेशन मी संगणकावर करत होतो. पण पडद्यावरची रेघ सरळच जायची, प्रत्यक्ष मोजलेल्या पाण्याशी जुळायची नाही. घरी कुरकुरलो तेव्हा आई म्हणाली, “आरं, रिकाम्या हिरीत पाणी पळत येतं, भरत आली की रांगतं.” प्रोग्राममधल्या समीकरणाची एकच ओळ बदलली, विहीर जितकी रिकामी तितका पाण्याचा वेग जास्त ठेवला आणि रेघ वळून अचूक जुळली. “हे कुणी सुचवलं?” परीक्षकांनी विचारलं. “मलाच सुचलं,” मी म्हणालो आणि पहिला आलो. काल आईपाशी ते खोटं कबूल केलं. ती हसली, “तू कवा हिरीत वाकून बगितलंस रं?” आज मी शिकवतो त्या वर्गात फळ्यावर ते समीकरण लिहिलं आणि मुलांना ताठ मानेनं सांगितलं, हे माझ्या आईचं आहे.