स्टुडिओतला इलाज

डाव्या डोळ्याखाली कोडाचा पहिला ठिपका उठला तेव्हा मी दहावीत होतो. जालन्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं, उन्हात रुमाल बांधायला सांगितलं आणि याची कुणाला लागण होत नाही, असं दोनदा बजावलं. आमच्या कुंभार पिंपळगावात मात्र त्यांच्याहून जास्त शिकलेले बरेच निघाले. बाजाराच्या दिवशी तर माझ्यासाठी फुकट दवाखानाच भरायचा. मेंढरं राखणाऱ्या आमच्या घरात मासे कधी शिजले नव्हते, तरी दुधावर मासे खाल्ल्याचं निदान तिघांनी केलं. मी तिघांचेही आभार मानले. शाळेत तसंच शिकवलं होतं.

सात वर्षं मलम लावलं. ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका रुपयाएवढा झाला आणि थांबला. थांबला म्हणजे गुण आला, असं डॉक्टर म्हणाले. मीही तसंच मानलं.

मग मी पदवीधर झालो, घरातला पहिला. भरतीच्या फॉर्मला फोटो हवा म्हणून आबा, माझे वडील, स्वतः स्टुडिओत आले. फोटोवाल्याने संगणकावर दोनदा टिकटिक केलं आणि डाग गायब.

"कसं हाय आबा? बिलकुल साफ!"

आबा पडद्याकडे बघतच राहिले. "डाक्टरला सात वर्षं जमलं न्हाई, तुम्ही चहा थंड व्हायच्या आत केलं की!"

हा फोटो नको, असं म्हणायचं होतं. पण आबांचा चेहरा बघून फोटोचे पैसे दिले. तोच फोटो फॉर्मला गेला. एक मोठा करून आबांनी भिंतीवर लावला.

परीक्षेच्या दिवशी जालन्याच्या केंद्रावर दारातल्या मॅडमनी प्रवेशपत्र माझ्या गालाशेजारी धरलं.

"हा कोण?"

"मीच, मॅडम."

"मग याचा डाग कुठंय?"

"स्टुडिओत काढला."

"तोतया बसवायची नवीन तऱ्हा दिसते. व्हा बाजूला."

दार बंद व्हायला दहा मिनिटं होती आणि आत जाण्यासाठी मी वर्षभर अभ्यास केला होता. आधार कार्ड पुढे केलं. अकरावीतला फोटो. त्या कॅमेऱ्याने माझ्यावर काडीची माया केली नव्हती. डोळ्याखालचा पांढरा ठिपका जसाच्या तसा होता. मॅडमनी चष्मा वर करून एकदा कार्ड, एकदा मला बघितलं.

"वाढलाय की."

"हो मॅडम!" इतक्या आनंदाने हे मी कुणापुढेच कबूल केलं नव्हतं.

"जा, जल्दी."

पुढच्या फॉर्मच्या वेळी स्टुडिओत सांगितलं, "जसा आहे तसाच ठेवा." फोटोवाला नाराज झाला. "लोक म्हणतील, माझा कॅमेराच डाग पाडून राह्यला."

"राहू द्या," आबा म्हणाले. "त्या डागामुळंच पोरगं आत गेल्तं."

भिंतीवरचा फोटो मात्र अजून तिथंच आहे. घरी येणारे पाहुणे विचारतात, "हा धाकटा का?"

"न्हाई, हाच," आबा सांगतात. "फोटोत बराबर आला न्हाई."