बिना मुहूर्त

"आप लोगों में मुहूर्त तो होता नहीं. दो घंटा पीछे कर लीजिए."

मॅनेजर हे माझ्या बाबांना म्हणाला. मोबाईलमधून मान वर न काढता. मी नवरी. पांढरी साडी नेसून रायपुरातल्या त्या मॅरेज हॉलच्या दारात उभी. बाबांच्या खिशात पावती, अकरा ते तीन. फाटकावरच्या पाटीवर मात्र दुसऱ्याच घरचं नाव. सदर बाजारातल्या एका सराफाच्या मुलीची सगाई, मुहूर्त अकरा चाळीसचा. एकच हॉल, एकच वेळ, दोन पावत्या.

आमची 'व्यवस्था' हॉलच्या मागे केली होती, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. शेजारी कांद्याच्या सालांचा ढीग. खरकट्याचा ड्रम. त्यावर माशा. आणि त्या ड्रमला खेटून एका स्टुलावर कुणीतरी आमची बुद्धमूर्ती आणून ठेवली होती. अजूनही कांदा चिरायला घेतला की तोंड कडू होतं.

आमचा विधी पाऊण तासाचा. अकराला सुरू केला असता तर सराफाच्या मुहूर्ताला फार तर पाच मिनिटं उशीर झाला असता. तेवढंही नको होतं त्यांना.

बाबा जन्मभर रेल्वेत होते. मिनिटाला मिनिट जुळवून गाड्या सोडल्या त्यांनी. ते म्हणाले, "चालते बाई. आपल्याले कुठी मुहूर्त आहे? करून घेऊ मांगं."

मॅनेजरची किळस आली होतीच. त्याहून जास्त या 'चालते'ची आली. लहानपणापासून ऐकते आहे मी हे. भाड्याची खोली नाल्याकाठी मिळाली, चालते. शाळेत मागच्या बाकावर बसवलं, चालते. आमच्या घरात या शब्दाला कधी कुणी अडवलंच नाही.

'नवा रायपूर'मधल्या ऑफिसात मी रजिस्टरंच सांभाळते. म्हटलं, "रजिस्टर दिखाइए."

त्याने बिनधास्त पुढे सरकवलं. आमच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'बिना मुहूर्त'. खालच्याच ओळीत सराफ. मी मागची पानं उलटली. तेच दोन शब्द, ठिकठिकाणी. आडनावं आमच्याच लोकांची. एक ख्रिस्ती. आणि प्रत्येकाच्या खाली, त्याच तारखेला, दुसरं गिऱ्हाईक. मॅनेजर सकाळपासून 'गलती से हो गया' म्हणत होता. चुका अशा एकाच अक्षरात, ओळीने लिहिलेल्या नसतात. मी पानांचे फोटो काढले.

"दीदी, ये तो बस हमारे समझने के लिए है."

"समझ गई. मुहूर्त नहीं मानते भैया, घड़ी मानते हैं. पावती पे ग्यारह लिखा है."

मी मागे गेले. मूर्ती उचलली. पदराने पुसली. माझा नवरदेव उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये पाळीवर काम करतो, बोलणं कमी. तो म्हणाला, "चाल. मी आहो." आम्ही सरळ हॉलमध्ये शिरलो आणि सराफाच्या फुलांच्या पडद्यापुढे मूर्ती ठेवली. मॅनेजरने लाइट बंद केले. माइकही. मग नागपूर-गोंदियाहून आलेल्या सगळ्या पाहुण्यांनी त्रिशरण मोठ्याने म्हटलं. अंधारात उभं राहून माझं लग्न लागलं. बाबा दारातच थांबले होते, आत आले नाहीत. जेवण टाकून आम्ही निघून आलो.

मी ग्राहक आयोगात तक्रार केली. हॉलमालकाचा निरोप आला, शादी तो हो गई, नुकसान क्या हुआ? पुढे बाळाच्या बारशाला हॉल फुकट देतो म्हणे. बाबा म्हणाले, "कायले लागते त्याइच्या नादी? घेऊन टाक, चालते."

"नाही चालत, बाबा."

मला त्यांचा हॉल नको, माफीही नको. एका वेळेची एकच पावती निघाली पाहिजे. बुकिंगची यादी दारावर लागली पाहिजे, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशी. आणि विकलेली वेळ जो पुन्हा विकेल, त्याच्या हॉलला कुलूप. असा हुकूम लिहून मिळेपर्यंत मी हलणार नाही. इथे नाही मिळाला तर वरच्या आयोगात जाईन.

उद्या सुनावणी आहे, अकराची. वकील म्हणाले, नंबर लागायला दुपार होते, तुम्ही आरामात या, चालतं.

मी अकराला तिथे असणार आहे.